लाटेच्या पोटातली लाट

फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात देशातल्या रोजच्या नव्या कोरोनाबाधितांचा आकडा काही दिवस दहा हजारांच्याही खाली गेला होता. सप्टेंबर २०२० च्या मध्यावर हाच आकडा एका दिवसात ९७,८९४ होता. म्हणजे पाच महिने रेषा जवळपास सलग उतरत आली होती आणि ती पाहून देश सुटकेचा श्वास सोडत होता. त्याच पंधरवड्यात अमरावती, अकोला, यवतमाळ इथली रुग्णसंख्या मात्र चढायला लागली होती. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तरी देशाची रेषा बऱ्यापैकी आडवीच दिसत होती. कारण केरळमधली मोठी संख्या तेव्हा हळूहळू ओसरत होती आणि त्या उतारात विदर्भाची चढण जिरून जात होती. ४ एप्रिलला देशानं दिवसाला एक लाखाचा आकडा ओलांडला, १४ एप्रिलला दोन लाखांचा, ३० एप्रिलला चार लाखांचा. ६ मे रोजी ४,१४,१८८ नवे रुग्ण नोंदले गेले.

या घटनाक्रमाकडे पाहिलं की एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: देशाचा एकूण आकडा नवी लाट सगळ्यात शेवटी दाखवतो. रोज संध्याकाळी टीव्हीच्या पट्टीवर तोच येतो, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तोच छापला जातो आणि लाटेची चाहूल घ्यायला तोच सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. लाट शोधायची तर बेरीज मोडून आत पाहावं लागतं. जिल्ह्यानुसार पाहायचं, विषाणूच्या प्रकारानुसार पाहायचं, आणि लागण कधी झाली व ती कागदावर कधी आली या दोन तारखा वेगळ्या काढायच्या.

हे कसं घडतं ते छोट्या हिशेबात मांडून पाहू. समजा एखाद्या राज्यात आठवड्याला १०,००० रुग्ण सापडताहेत. त्यांतले ९,८०० जुन्या प्रकारच्या विषाणूचे आहेत आणि हा प्रकार दर आठवड्याला २० टक्क्यांनी ओसरतोय. उरलेले २०० नव्या व्हेरियंटचे आहेत आणि ते दर आठवड्याला दुप्पट होताहेत. पहिल्या आठवड्यानंतर जुने ७,८४० आणि नवे ४००, एकूण ८,२४०. दुसऱ्यानंतर एकूण ७,०७२. तिसऱ्यानंतर ६,६१८. तीन आठवडे एकूण आकडा उतरतोच आहे. चौथ्या आठवड्यानंतर तो ७,२१४ होतो, आणि एवढ्याशा वाढीकडे ‘किरकोळ चढउतार’ म्हणून सहज दुर्लक्ष होतं. पाचव्यानंतर ९,६११. सहाव्यानंतर १५,३६९, आणि त्यांतले जवळजवळ १२,८०० नव्या प्रकाराचे. साथ पहिल्या दिवसापासून दुपटीनं वाढत होती. ती बेरजेत दिसायला महिना लागला.

याच हिशेबात नव्या व्हेरियंटचा टक्का पाहा: २, मग ४.९, ११.३, २४.२, ४४.४, ६६.६, ८३.३. हे आकडे तसेच कागदावर मांडले तर आळसावलेल्या ‘एस’सारखी वक्ररेषा मिळते आणि सुरुवातीचं काही हाती लागत नाही. त्याऐवजी नव्यांची संख्या भागिले जुन्यांची संख्या हे गुणोत्तर घ्यायचं. ते दर आठवड्याला बरोबर अडीच पट होतं. त्याचा लॉगॅरिदम काढून आलेख काढला की सरळ रेषा मिळते. तीन-चार आठवड्यांचे बिंदू एका सरळ रेषेत चढताना दिसले, की एकूण आकडा काहीही म्हणो, हा प्रकार जुन्याला हटवणार हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. आणि जुन्याचा उतार माहीत असेल तर बेरीज कोणत्या आठवड्यात वळेल तेही काढता येतं. साथीच्या भाकितात इतकं भरवशाचं दुसरं साधन मला माहीत नाही.

अडचण असते ती नमुन्यांची. दोन टक्के असलेला प्रकार किमान एकदा तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल, तर १४९ म्हणजे साधारण दीडशे नमुन्यांचं जनुकीय क्रमनिर्धारण (विषाणूचा जनुकीय मजकूर अक्षरशः वाचून प्रकार ओळखणं) करावं लागतं. पण ‘सापडणं’ आणि ‘मोजणं’ यांत फरक आहे. दीडशेत तीन नमुने सापडले तर खरं प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून साडेपाच टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. वाढीचा वेग काढायचा तर दर आठवड्याला, प्रत्येक विभागातून, काही शे नमुने हवेत. शिवाय ते कुणाचे आहेत हेही महत्त्वाचं. फक्त विमानतळावर उतरलेल्यांचे नमुने घेतले तर देशात आत काय वाढतंय ते कळणार नाही. जिथे एकाच ठिकाणी खूप रुग्ण सापडले तिथलेच घेतले तर टक्का फुगेल. आणि क्रमनिर्धारणासाठी नमुन्यात विषाणू भरपूर लागतो, त्यामुळे ज्यांचा सीटी (विषाणू दिसायला पीसीआरला लागलेल्या फेऱ्या; आकडा मोठा तितका विषाणू कमी) ३० च्या वर आहे असे नमुने बहुधा गळतातच.

भारतात यासाठी ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचं जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यात आहे. बाधितांपैकी पाच टक्के नमुन्यांचं क्रमनिर्धारण करायचं उद्दिष्ट होतं, पण सुरुवातीच्या महिन्यांत प्रत्यक्ष काम त्याच्या जवळपासही गेलं नाही. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही दोन उत्परिवर्तनं असलेल्यांचं प्रमाण १५ ते २० टक्के आहे. वरचा काल्पनिक हिशेब घेतला तर हा टप्पा दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या मधला. इशारा त्या आकड्यात होताच. तो टक्का दर आठवड्याला किती पटीनं वाढतोय, एवढी एकच ओळ त्याच्या शेजारी असती तर वाचणाऱ्याला पुढचा एप्रिल दिसला असता. पुढे याच बी.१.६१७ कुळातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेनं ३१ मे रोजी डेल्टा हे नाव दिलं, तेव्हा लाट उतरणीला लागली होती.

क्रमनिर्धारणाचा निकाल यायला दहा-पंधरा दिवस सहज जातात, म्हणून जलद खूण शोधावी लागते. काही आरटी-पीसीआर किट विषाणूची तीन जनुकं तपासतात. अल्फा आणि ओमायक्रॉनच्या बीए.१ मध्ये त्यांतल्या ‘एस’ जनुकाची खूण उमटत नाही, बाकीच्या दोन उमटतात. म्हणजे चाचणीच्या दिवशीच संशय घेता येतो. पण डेल्टात आणि ओमायक्रॉनच्या बीए.२ या शाखेत ‘एस’ नीट उमटतं. भारतात तिसऱ्या लाटेत बीए.२ भरपूर होता, त्यामुळे इथे फक्त या खुणेवर विसंबणाऱ्याला ओमायक्रॉन होता त्यापेक्षा कमी दिसला. जलद खूण वापरायचीच असेल, तर दर आठवड्याला ती क्रमनिर्धारणाशी ताडून पाहणं आलंच.

आता रोजच्या आकड्याकडे येऊ, कारण शेवटी बहुतेक ठिकाणी तोच हातात असतो. आज जाहीर झालेली रुग्णसंख्या आजची नसते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला मूळ विषाणूत सरासरी पाच दिवस, डेल्टात चार, ओमायक्रॉनमध्ये तीन. मग माणूस दोन दिवस अंगावर काढतो, चाचणी करतो, अहवाल येतो, तो पोर्टलवर चढतो. धरून चाला की आठ ते दहा दिवसांपूर्वीचं चित्र आज दिसतंय. साथ आठवड्याला दुप्पट होत असेल तर आकडा वाचत असतानाच खरी स्थिती त्याच्या दुपटीच्या पुढे गेलेली असते. मृत्यूचा आकडा तर लागणीच्या तीन-चार आठवडे मागे चालतो. म्हणूनच ‘रुग्ण वाढताहेत पण मृत्यू नाहीत’ हे वाक्य प्रत्येक लाटेच्या सुरुवातीला ऐकू येतं, आणि त्या घडीला ते काहीच सिद्ध करत नाही.

रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून सोमवारी-मंगळवारी आकडा पडतो आणि बुधवार-गुरुवारी उसळतो. सणावाराला हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. कालच्याशी आजची तुलना करूच नये. मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी करावी, नाहीतर सात दिवसांची सरासरी घ्यावी. या सरासरीचीही एक किंमत आहे: ती साधारण तीन-साडेतीन दिवस मागे असते. चौदा दिवसांची घेतली तर रेषा सुरेख गुळगुळीत दिसते आणि वळण आठवडाभर उशिरा कळतं. गुळगुळीत रेषेचा मोह पडतो, पण साथीच्या काळात तो महागात पडतो.

चाचण्यांची जात बदलली तरी आकडा हलतो. समजा एक हजार जणांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत शंभर खरोखर बाधित आहेत. सगळ्यांची आरटी-पीसीआर केली तर नव्वदेक सापडतील, म्हणजे बाधितांचं प्रमाण नऊ टक्के. त्यांतल्या निम्म्यांची रॅपिड अँटिजेन केली आणि ती शंभरातले साठच पकडत असेल, तर एकूण पंचाहत्तर सापडतील आणि प्रमाण साडेसात टक्क्यांवर येईल. साथ तसूभरही कमी झालेली नाही, कागदावर मात्र ओसरली. जून २०२० मध्ये अँटिजेन चाचणीला मान्यता देताना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनंच तिची पकड ५०.६ ते ८४ टक्के असल्याचं नमूद केलं होतं. काही राज्यांत पुढे चाचण्यांत हीच बहुसंख्य झाली. दोन्ही चाचण्यांची संख्या आणि निकाल वेगवेगळे छापले जात नसतील, तर त्या राज्याच्या टक्क्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही.

जुन्या नोंदींचा प्रश्न त्याहून बिकट. १० जून २०२१ च्या पत्रकात देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू दिसले. प्रत्यक्षात बिहारनं आधीचे सुटलेले ३,९५१ मृत्यू एकदम जोडले होते. हा आकडा तसाच सरासरीत घातला, तर सात दिवस खोटी चढण दिसते आणि आठव्या दिवशी खोटा उतार. असे मृत्यू त्यांच्या खऱ्या तारखांना मागे वाटून टाकावे लागतात. तारखा मिळतच नसतील तर वेगळ्या रकान्यात ठेवावेत आणि सरासरीतून बाहेर काढावेत. ते फेकून मात्र द्यायचे नाहीत, कारण ते घडलेले मृत्यू आहेत.

मृत्यूच्या खऱ्या तारखेनुसार आलेख काढला की दुसरा सापळा समोर येतो. अशा आलेखाचं उजवं टोक नेहमीच खाली झुकलेलं दिसतं, कारण गेल्या आठवड्यातले मृत्यू अजून नोंदीत यायचे असतात. लाट अगदी ऐन भरात असतानाही हा आलेख ‘उतरतोय’ असंच सांगतो. उपाय करता येतो. मागच्या महिन्यांच्या नोंदी काढायच्या आणि एका दिवसाचे किती मृत्यू किती दिवसांत कळतात ते पाहायचं. समजा ४० टक्के तीन दिवसांत कळतात, ७० टक्के सात दिवसांत, ९५ टक्के एकविसात. आता तीन दिवसांपूर्वीच्या तारखेवर आज २८ मृत्यू दिसत असतील, तर २८ भागिले ०.४, म्हणजे अंदाजे ७०. या कामातही एक धोका असतो: लाट चढली की नोंदणी करणारे लोक दमतात, विलंब वाढतो आणि ४० टक्क्यांचे ३० होतात. म्हणून विलंबाचं हे कोष्टक दर आठवड्याला नव्यानं करावं लागतं. जुनं वापरलं तर नेमक्या शिखरावर अंदाज कमी येतो.

वाढीचा वेग काढणं त्यामानानं सोपं. सात दिवसांची सरासरी आठवड्यात १,००० वरून १,५०० झाली. १.५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.४०५, त्याला सातानं भागलं की दिवसाचा दर ०.०५८. ०.६९३ ला या दरानं भागलं की दुपटीचा काळ बारा दिवस. इथपर्यंत फारसं काही गृहीत धरावं लागत नाही. पण याच दरावरून ‘आर’, म्हणजे एक बाधित सरासरी किती जणांना लागण देतो ते काढायला गेलं, की एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला विषाणूला किती दिवस लागतात ते ठरवावं लागतं. पाच दिवस धरले तर ‘आर’ येतो १.३४; तीन धरले तर १.१९. वाढ तीच, ‘आर’ वेगळा. त्यामुळे व्हेरियंट बदलतानाच्या आठवड्यांत वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या ‘आर’वर फार भरवसा ठेवू नये. दुपटीचा काळ अधिक प्रामाणिक असतो, आणि रुग्णालयाला खाटांचं नियोजन करताना कामालाही तोच येतो.

जिल्ह्यांचं पाहणं यावरच उभं राहतं. प्रत्येक जिल्ह्याचा आठवड्याचा एकूण आकडा घ्यायचा, सलग दोन आठवडे वाढलेले जिल्हे किती ते मोजायचं, आणि ही संख्या स्वतःच दर आठवड्याला लिहून ठेवायची. आठवड्याला पन्नासच्या खाली रुग्ण असलेले जिल्हे वेगळे काढायचे, कारण चाराचे नऊ झाले यात योगायोगाचा भाग मोठा असतो. चढणारे जिल्हे एकमेकांना लागून असतील तर ते जास्त गंभीर. अमरावती, अकोला, यवतमाळ असेच शेजारी आहेत.

आता भाकिताकडे. साथीच्या गणिताचा पाया मानला जाणारा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा निबंध १९२७ सालचा. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि त्यांनी कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलं होतं. त्या निबंधात समीकरणांची परीक्षा पाहायला घेतलेले आकडे मुंबईचे आहेत: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगनं झालेले आठवड्यांचे मृत्यू. समीकरणातून आलेली घंटेच्या आकाराची रेषा त्या बिंदूंवर इतकी चपखल बसते, की शंभर वर्षं होत आली तरी पाठ्यपुस्तकांत ती आकृती छापली जाते.

पण मुंबईतला प्लेग त्या समीकरणात सांगितल्याप्रमाणे माणसाकडून माणसाकडे पसरत नव्हता. तो उंदरांत होता, पिसवांनी माणसांपर्यंत येत होता, आणि पिसवांना मानवणाऱ्या हवेत दर वर्षी साधारण त्याच महिन्यांत चढून उन्हाळा तापला की उतरत होता. समीकरणाप्रमाणे साथ ओसरते ती लागण होऊ शकणारी माणसं कमी झाल्यामुळे; प्रत्यक्षात ती ओसरत होती ऋतूमुळे, आणि पुढच्या हिवाळ्यात परत येत होती. रेषा बरोबर बसली, कारण चुकीचं होतं. एका लाटेच्या आकड्यांवर रेषा बसवून पुढची लाट सांगायला निघालेल्या प्रत्येकानं ती आकृती टेबलासमोर लावावी असं मला मनापासून वाटतं. चढून उतरणाऱ्या कुठल्याही आकड्यांवर घंटेची रेषा बसवता येते. त्यातून साथ का उतरली ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय ती पुन्हा चढेल का तेही कळत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या तज्ज्ञ समितीनं आपल्या प्रारूपाच्या, म्हणजे गणिती मॉडेलच्या, आधारे सांगितलं होतं, की सुमारे ३० टक्के लोकांना लागण होऊन गेली असावी आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. ज्या लाटेबद्दल ते बोलत होते ती खरोखर फेब्रुवारीपर्यंत उतरली. पण बदललेला विषाणू येईल याला त्या समीकरणात जागाच नव्हती. १९१८ चा अनुभव हाताशी होता. इन्फ्लुएंझाची पहिली लाट जून महिन्यात मुंबईत आली, तुलनेनं सौम्य होती, ओसरली. सप्टेंबरपासून दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. पहिल्या लाटेच्या उतारावर रेषा बसवून ऑक्टोबर दिसणं शक्य नव्हतं.

शिखराची तारीख आणि उंची सांगणं इतकं अवघड का? साथ चढणीवर असताना पुढे दहा लाखांवर थांबणारी रेषा आणि एक कोटीवर थांबणारी रेषा जवळजवळ सारख्याच दिसतात. फरक दिसायला लागतो तो वेग मंदावल्यावर, म्हणजे शिखर जवळ आल्यावर. तोवर सगळं अवलंबून असतं एका आकड्यावर: किती जणांना अजून लागण होऊ शकते? आणि तो रोजच्या रुग्णसंख्येतून निघत नाही, कारण एका नोंदलेल्या रुग्णामागे न नोंदलेले किती हे माहीत नसतं. एप्रिल २०२१ मध्ये शिखराचे अंदाज पुन्हापुन्हा वर सरकवावे लागले ते यामुळेच.

यासाठी सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते मोजणं. पहिलं राष्ट्रीय सर्वेक्षण मे-जून २०२० मध्ये २१ राज्यांतल्या ७० जिल्ह्यांत, २८,००० प्रौढांचं झालं. ०.७३ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, आणि त्यावरून निघालं की मेच्या सुरुवातीला एका नोंदलेल्या रुग्णामागे ८२ ते १३० लागणी होत्या. तिसऱ्या फेरीत, डिसेंबर-जानेवारीत, हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या तोंडावर सुमारे चार पंचमांश लोक अजून उघडे होते. हा आकडा फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जाहीर झाला होता. उतरत्या रेषेपेक्षा तो कितीतरी जास्त सांगत होता. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत प्रमाण ६७.६ टक्के झालं.

मात्र सरासरीच्या पोटातही वस्त्या असतात. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन विभागांत पाहणी झाली तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत अँटिबॉडी मिळाल्या. शहराची एकच सरासरी काढून भाकीत केलं तर हा फरक पुसला जातो, आणि पुढची लाट इमारतींमध्ये जास्त का दिसली याचा उलगडाच होत नाही. आणखी एक बाब किटची: न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनावरच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या काही चाचण्यांत प्रमाण काही महिन्यांत घटतं, स्पाइक या बाहेरच्या काट्यांच्या प्रथिनावरच्या शोधल्या तर कोव्हिशिल्ड घेतलेलेही त्यात येतात. किट बदललं आणि लक्षात घेतलं नाही, तर दोन फेऱ्यांची तुलना फोल ठरते.

म्हणून माझ्या मते दोन आठवड्यांपुढचं भाकीत एकच आकडा म्हणून सांगूच नये. तिथून पुढे ‘व्हेरियंट असा असेल तर असं, तसा असेल तर तसं’ अशा शक्यता मांडाव्यात. दोन आठवड्यांच्या आतल्या भाकितालाही परीक्षा हवी, आणि पहिली परीक्षा अगदी साधी आहे. ‘गेल्या आठवड्यात जो वेग होता तोच पुढेही राहील’ एवढ्याच नियमानं काढलेल्या आकड्यापेक्षा प्रारूप सरस ठरतं का? अनेक घोटीव प्रारूपं इथेच अडखळतात. दुसरी परीक्षा पट्ट्याची: ‘९५ टक्के खात्रीनं या दोन आकड्यांच्या मध्ये’ असं वीस वेळा सांगितलं असेल, तर एकोणीस वेळा खरा आकडा त्या पट्ट्यात पडला पाहिजे. चौदाच वेळा पडला तर पट्टा खोट्या आत्मविश्वासानं अरुंद केलेला आहे. निरनिराळ्या गटांची पाच-सहा प्रारूपं एकत्र करून त्यांचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतला तर तो सहसा एकेकट्यापेक्षा बरा ठरतो.

दोन आठवडेही थोडे नसतात. पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय ऑक्सिजनची कमाल गरज दिवसाला ३,०९५ मेट्रिक टन होती. दुसऱ्या लाटेत ती ९,००० च्या घरात गेली. मोठे पोलाद कारखाने, जिथे द्रवरूप ऑक्सिजन तयार होतो, ते बरेचसे पूर्वेकडे. पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला निघाली आणि भरलेले टँकर २३-२४ तारखेला नागपूर आणि नाशिकला पोचले. पाच दिवस. त्या वेळी दुपटीचा काळ दहा दिवसांच्या आसपास होता.

हिशेब असा मांडतात. रोज १०० रुग्ण ऑक्सिजनच्या खाटेवर दाखल होत असतील आणि सरासरी ९ दिवस राहत असतील, तर ९०० खाटा व्यापलेल्या राहतील. एकाला मिनिटाला १० लिटर धरले तर दिवसाला १४,४०० लिटर, म्हणजे १४.४ घनमीटर. एक टन द्रवरूप ऑक्सिजनचा वायू होतो साधारण ७५० घनमीटर. म्हणजे एका टनात ५२ रुग्णांचा एक दिवस निघतो आणि ९०० जणांना दिवसाला सुमारे १७ टन लागतात. अतिदक्षता विभागात मिनिटाला २४ लिटर धरतात, आणि नाकाद्वारे जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर तो ६० पर्यंत जातो. असे शंभर रुग्ण त्या नऊशेंत असतील तर गरज १७ वरून २६ टनांच्या पुढे जाते. खाटांचा अंदाज बरोबर असूनही टाक्या रिकाम्या पडतात त्या इथे.

ओमायक्रॉननं सगळी घडी बदलली. देशातले पहिले दोन रुग्ण २ डिसेंबर २०२१ ला बंगळुरूत जाहीर झाले आणि ७ जानेवारीला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेतला तिथला उच्चांक ११,१६३ होता. लोक घरीच किट आणून चाचणी करत होते आणि ते निकाल बहुतेक नोंदीत येत नव्हते. १० जानेवारीच्या सूचनेनुसार लक्षणं नसलेल्या, जोखीम नसलेल्या संपर्कातल्यांची चाचणी गरजेची राहिली नाही. वैद्यकीयदृष्ट्या ते समजण्यासारखं होतं, पण त्या दिवसापासून रुग्णसंख्येचा आलेख मागच्या आलेखाशी जोडता येत नाही. तिथे आलेखावर उभी रेघ मारून कारण लिहावं. तेव्हापासून लक्ष ठेवायचं ते ऑक्सिजनवरच्या रुग्णांवर, आणि कोरोनासाठी दाखल झालेले व दुसऱ्याच कारणासाठी दाखल होऊन चाचणीत बाधित निघालेले यांचे रकाने वेगळे ठेवून.

चाचण्या आटल्यावर मैलापाणी कामाला येतं. शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याचे २४ तास थोडे थोडे नमुने घेऊन एकत्र करायचे, विषाणू घट्ट करून पीसीआरनं मोजायचा. पाऊस पडला की सगळं पातळ होतं, म्हणून सोबत दुसरंही काही मोजतात: ढोबळी मिरचीच्या रोपांवर येणारा एक विषाणू, जो मिरचीच्या पदार्थांतून माणसाच्या विष्ठेत कायम असतो. त्याच्याशी भागाकार केला की माणसांच्या संख्येचा अंदाज त्यात येतो. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे: शहराचं बरंचसं मैलापाणी केंद्रापर्यंत जातच नाही, ते उघड्या नाल्यांतून वाहतं. त्यामुळे नाल्यांवरही ठरावीक जागा नेमून त्याच जागी, त्याच वेळी, आठवड्यातून दोनदा नमुना घ्यावा लागतो. जागा बदलली की मालिका तुटली. शिवाय बरा झालेला माणूसही काही आठवडे विषाणू सोडत राहतो, म्हणून या आलेखाची चढण विश्वासाची आणि उतरण सुस्त असते.

सगळ्यात उशिरा येणारा हिशेब मृत्यूंचा, आणि माझ्या लेखी तो सगळ्यात जास्त जपण्याचा. २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा मे २०२२ चा अंदाज होता. २०२१ अखेरची अधिकृत संख्या ४.८ लाखांच्या आसपास. भारत सरकारनं त्या पद्धतीला आक्षेप घेतला. वाद मिटवायचा मार्ग गावोगावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतून जातो. १९६९ च्या कायद्यानं मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती दर महिन्याला, जिल्ह्यानुसार, कारणाचा घोळ न घालता नुसती संख्या म्हणून जाहीर झाली, तर पुढच्या साथीत जास्तीचे मृत्यू महिन्याभरात दिसतील. त्यासाठी प्रारूपसुद्धा लागणार नाही. मागच्या पाच वर्षांची त्याच महिन्याची सरासरी वजा करायची, बस.

आणि हे सगळं करताना रोजची फाइल त्या दिवसाच्या तारखेसह जशीच्या तशी ठेवायची. कालच्या फाइलवर आजची लिहायची नाही. प्रत्येक नोंदीला दोन तारखा हव्यात, घटना घडल्याची आणि ती आपल्याला कळल्याची. भाकीतही तसंच, ज्या दिवशी केलं त्या दिवसाच्या फाइलशेजारी. ऑक्टोबर २०२१ अखेर थांबेपर्यंत स्वयंसेवकांच्या एका गटानं देशभरची पत्रकं रोज वाचून असं भांडार जमवलं होतं, म्हणून आज फेब्रुवारी २०२१ चा अमरावती जिल्हा उघडून पाहता येतो.